दिव्यावरची पट्टी

या लेखात 'मी' कुठे येणार नाही. गाडी चौघांची, तिच्यात झालेली चूकही चौघांची, म्हणून लिहितानाही 'आम्ही'च.

आम्ही म्हणजे दोन सर आणि दोन आपा. राहायला दोंडाईचाला आणि नोकरीला तापीपलीकडे, शहादा तालुक्यातल्या एका उर्दू शाळेत. रोजचे अप-डाउन. एसटीच्या वेळा आणि शाळेची घंटा यांचे कधी जुळले नाही. शेवटी २०१८ मध्ये चौघांनी सारखे पैसे घालून एक जुनी गाडी घेतली. डिझेलची, सात माणसांची, २०१० सालची. सुरतेहून एका दलालामार्फत आली. कागद एकाच्या नावावर झाले आणि डिझेलचा हिशेब एका वहीत लिहू लागलो. वही उर्दूत असल्यामुळे उजवीकडून उघडते. भांडण मात्र त्या वहीवरून आजवर झालेले नाही, याचे अल्लाहचे शुक्र मानतो.

गाडी दाखवताना दलाल म्हणाला होता, "टॉप मॉडेल है सर, एबीएसवाला." त्या काळी एबीएस वरच्या मॉडेललाच मिळायचे, तेही जास्तीचे पैसे मोजून. सगळ्या नव्या मोटारींना ते सक्तीचे झाले ते एप्रिल २०१९ पासून. एबीएस म्हणजे नेमके काय, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. पण टॉप मॉडेल म्हटल्यावर बरे वाटले. पाच वर्षे त्याच आनंदात गेलो-आलो.

जुलै २०२३. रात्रभर पाऊस पडून गेला होता. सारंगखेड्याचा पूल ओलांडून आम्ही पुढे निघालो. दोन्ही बाजूंना पपईच्या बागा, आणि शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरांनी काळ्या मातीचा चिखल डांबरावर आणून ठेवलेला. खान्देशची काळी माती वाळली तर दगड आणि भिजली तर साबण. अचानक बांधावरून एक म्हैस रस्त्यात उतरली. ब्रेक दाबला. चारही चाके जागच्या जागी थांबली आणि गाडी मात्र थांबली नाही. स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण वळवलेले, आणि गाडी सरळच्या सरळ घसरत चाललेली. म्हैस शहाणी, ती बाजूला झाली. गाडी रस्ता सोडून उतरली आणि एका बाभळीच्या बुंध्याशी वीतभर अंतर ठेवून उभी राहिली.

कोणालाही खरचटले नाही. मागच्या सीटवर आपा कलमा पढत होत्या. शाळेत पोहोचेपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही. पहिल्या तासाला हजेरी घेताना हात थरथरत होता. आमच्या चौघांच्या घरी मिळून नऊ मुले आहेत.

संध्याकाळी दोंडाईचात शिरल्यावर घरी न जाता शहादा रस्त्यावरच्या गॅरेजवर गेलो. उस्तादांना हकीकत सांगितली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "एबीएस है ना इसमें?" आम्ही अभिमानाने हो म्हणालो. "तो किल्ली घुमाव."

किल्ली फिरवली. मीटरवर ऑइलचा दिवा लागला, बॅटरीचा लागला, हँडब्रेकचा लागला. उस्ताद म्हणाले, गाडी सुरू करण्याआधी किल्ली फिरवली की ती आपल्याकडचे सगळे दिवे एकदा दाखवते. एबीएसचा पिवळा दिवाही दोन-तीन सेकंद लागून विझायला पाहिजे. लागून विझला तर सगळे ठीक. विझलाच नाही तर बिघाड आहे. आणि मुळात लागलाच नाही, तर त्याहून वाईट. कोणी तरी दिव्याचे तोंड बंद केले आहे.

मीटर खोलले. त्या चिन्हाच्या मागे काळ्या चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावलेला होता. पट्टी काढली आणि किल्ली फिरवली. पिवळा दिवा लागला तो लागूनच राहिला. पाच वर्षे तो असाच पट्टीमागे जळत होता, आणि आम्ही चौघे समोर बसून प्रवास करत होतो.

आम्ही दलालाला मनसोक्त नावे ठेवली. तेवढ्यात एका जीपखालून एक पोरगा सरपटत बाहेर आला. तोंडाला काळे, हातात पाना. आमच्याकडे पाहून त्याने पाना खाली ठेवला, हात पँटला पुसले आणि म्हणाला, "अस्सलाम अलैकुम सर. सलाम आपा."

तो आमचाच विद्यार्थी. २०१९-२० ला आठवीत होता. नाव फक्त एका आपांना आठवले. गॅरेजात त्याला सगळे छोटू म्हणतात. त्याचे खरे नाव इथे लिहीत नाही.

उस्ताद म्हणाले, "सेन्सर का काम यही देखता. इसके हाथ में दे दो." आम्ही एकमेकांकडे पाहिले, विचार करून सांगतो म्हणालो आणि निघालो. खरे सांगायचे तर आमच्याच शाळेतून गळालेल्या मुलाच्या हाती आमचे चार जीव सोपवायला मन तयार होईना. पुढच्या रविवारी गाडी एका मोठ्या शहरातल्या वर्कशॉपात नेली. काचेची केबिन, थंडगार पाणी. गाडीला स्कॅनर लावला, कागद निघाला. एबीएसचे युनिट बदलावे लागेल, अडतीस हजार. चाक कोणी खोलले नाही. आम्ही पुन्हा एकमेकांकडे पाहिले. परतताना आमच्यापैकी एकजण हळूच म्हणाला, "पट्टी परत लावून टाकू, हळू चालवू." कोणी रागावले नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण तसे घडले.

शेवटी पुढच्या रविवारी फज्रनंतर चहा घेऊन उस्तादांच्याच गॅरेजवर जाऊन बसलो.

आधी उस्तादांनी एबीएस समजावले. त्यांचे वडील दोंडाईचा स्टेशनवर टांगा हाकायचे, आणि सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो तिथे उस्ताद लहानपणापासून जात आलेले. म्हणाले, "घोडा बिदकला तर अडाणी माणूस लगाम खेचून धरतो. घोड्याचे पाय घसरतात. जाणता माणूस खेचतो, सोडतो, खेचतो, सोडतो. घोडा थांबतो पण आणि वळतो पण." एबीएस हेच करते, एका सेकंदात कितीतरी वेळा. चाक पूर्ण थांबले की टायर रस्त्यावर नुसता घसरतो आणि घसरणाऱ्या टायरला स्टिअरिंग ऐकू येत नाही. चाक थोडे फिरते ठेवले तर गाडी वळवता येते. दरवेळी कमी अंतरात थांबेलच असे नाही. खडीवर, मऊ मातीत उलट थोडे जास्तही लागते. पण म्हैस चुकवता येते. १९७८ मध्ये बॉश कंपनीने मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत ही इलेक्ट्रॉनिक पद्धत आणली. खेचा-सोडाची अक्कल मात्र टांगेवाल्यांकडे आधीपासून होती.

आता कोणते चाक थांबायला आले, हे त्या युनिटला कळणार कसे? त्यासाठी प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो. तो आंधळा झाला की युनिट एबीएस बंद करून टाकते आणि पिवळा दिवा लावते. साधा ब्रेक चालूच राहतो, म्हणून माणसाला फरक कळत नाही. छोटूने मध्येच सांगितले, पिवळ्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला तर मात्र गाडी तिथेच उभी करायची, पुढे न्यायची नाही.

त्याने आपला छोटा स्कॅनर लावला. कोड निघाला पुढच्या डाव्या चाकाचा. आम्ही म्हणालो, मग ते सेन्सर बदलून टाक. तो म्हणाला, "नई सर. ये कोड पार्ट का नाम नई बताता, मोहल्ले का नाम बताता. घर अपने को ढूंढना पडता." सेन्सर बिघडलेला असेल, वायर तुटलेली असेल, कनेक्टरमध्ये पाणी गेले असेल, दातेरी रिंग चिखलाने भरली असेल, बेअरिंग ढिले झाले असेल. कोड सगळ्यांचा एकच.

मग त्याने आमच्यापैकी एकाला गाडी हळूहळू चालवायला लावली आणि स्वतः शेजारी बसून स्कॅनरवर चारही चाकांचा वेग पाहिला. तीन चाके वीसच्या वेगाने धावत होती, चौथे शून्यावर. गाडी वळवली की ते चौथे मध्येच जागे व्हायचे आणि पुन्हा झोपायचे. तो म्हणाला, "मोडते वक्त आता-जाता है, मतलब वायर." चाकही खोलले नव्हते अजून.

गाडी जॅकवर घेतली, खाली घोडी लावली, चाक काढले. सेन्सर म्हणजे बोटाच्या पेराएवढी वस्तू. तिच्यातून एक वायर निघून सस्पेन्शनच्या कडेने आत जाते. डाव्या बाजूची चाके रस्त्याच्या कडेच्या चिखलातून जातात, म्हणून हाल त्यांचे जास्त. छोटूने आत कनेक्टर सोडवला आणि मल्टिमीटरच्या दोन पिना लावल्या. आधी उजव्या, चांगल्या बाजूचा आकडा घेतला: अकराशे ओहमच्या आसपास. मग डावीकडे: तोही जवळपास तेवढाच. आम्ही म्हणालो, हे तर चांगले आहे! त्याने वायर एका हाताने हळूहळू वाकवत नेली. एका जागी येताच आकडा उडाला. सरळ केली, आकडा परत आला. वरचे रबर शाबूत आणि आतली तार तुटलेली. स्टिअरिंग वळले की तुटलेली टोके दूर जायची.

मग त्याने एक गंमत दाखवली. मीटर एसी व्होल्टवर ठेवला, पिना चांगल्या चाकाच्या सेन्सरला लावल्या आणि ते चाक हाताने फिरवले. आकडा हलला. जोरात फिरवले, आकडा वाढला. "देखो सर, इसको बॅटरी का करंट नई लगता. चक्का घूमा तो ये खुद बनाता. अंदर मॅग्नेट है, और तार की गुंडाळी." दातेरी रिंगचा एकेक दात समोरून गेला की चुंबकाचा प्रभाव कमी-जास्त होतो आणि गुंडाळीत वीज उमटते. जितके वेगाने दात, तितके वेगाने ठोके. युनिट हे ठोके मोजते.

आमच्यातले विज्ञानाचे सर गप्प झाले. १८३१ मध्ये मायकेल फॅरडेने जे दाखवले ते हेच. आमच्या उर्दू पुस्तकात त्याला 'बर्की मक्नातीसी इमाला' म्हणतात, मराठी पुस्तकात 'विद्युतचुंबकीय प्रवर्तन'. आम्ही ते दोन्ही भाषांत पाठ करून घेतो, फळ्यावर गुंडाळी काढतो, बाण काढतो. मुले वहीत उतरवतात आणि परीक्षेत लिहितात. चाक फिरवून आम्ही कधी दाखवले नाही. तो धडा दहावीचा आहे. हा मुलगा दहावीपर्यंत पोहोचलाच नाही.

पुढचे काम तासाभराचे. दहाच्या पान्याने सेन्सरचा बोल्ट निघाला, पण सेन्सर गंजाने जागेवर घट्ट बसलेला. छोटूने हातोडी मारली नाही. गंज सोडवणारे तेल टाकून चहा प्यायला, मग पकडीने थोडे इकडे थोडे तिकडे फिरवत काढला. बसायची जागा पॉलिश पेपरने घासली. दातेरी रिंगच्या फटीतला चिखल ब्रशने काढला, एकेक दात बोटाने तपासला, कुठे चीर आहे का पाहिले. चाकाची जागा दोन्ही हातांनी हलवून बेअरिंग ढिले नाही ना, याची खात्री केली. नवा सेन्सर वायरीसकट आला, धुळ्याहून मागवलेला, चौदाशे रुपयांचा. तो बसवल्यावर त्याच्यात आणि दातांत साधारण एक मिलिमीटरची फट राहते का, ते गेजने पाहिले. वायर जुन्या क्लिपांमधूनच नेली आणि स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून कुठे ताणत किंवा घासत नाही ना, ते पाहिले. पहिली वायर कदाचित अशाच घाईत बसवल्यामुळे तुटली असेल, असे तो म्हणाला. कोड पुसला. गाडी थोडा वेग घेताच दिवा विझला. मोकळ्या रस्त्यावर मागेपुढे कोणी नाही असे पाहून एकदा जोरात ब्रेक दाबला, तेव्हा पायाखाली पेडल थरथरले. लगाम कोणी तरी खेचत-सोडत होते.

त्याने एक सूचना आवर्जून दिली. नव्या गाड्यांतले सेन्सर वेगळे. त्यांना गाडीतून वीज लागते आणि पुष्कळदा दातांऐवजी बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकाची रिंग असते. तिथे ओहमचा मीटर लावून निदान होत नाही, सेन्सर जळूही शकतो. ते स्कॅनरवरच पाहायचे.

तीन दिवसांनी दिवा पुन्हा लागला. आमच्यातल्या एकाच्या तोंडून निघालेच, "मोठ्या वर्कशॉपचे ऐकायला हवे होते." छोटूने पुन्हा पहिल्यापासून तपासणी केली. या वेळी कोड मागच्या उजव्या चाकाचा. आकडा ठीक, वायर ठीक. सेन्सर काढला तर त्याच्या टोकाला लोखंडी कीस मिशीसारखा चिकटलेला. शेवटी ते चुंबकच. फडक्याने पुसला, परत बसवला. "ये बदलना नई था सर, सिर्फ मुँह धोना था." पैसे घेतले नाहीत. दिवा त्यानंतर लागलेला नाही.

बी.एड.ला आम्ही सगळ्यांनी एक धडा गिरवलेला आहे: निदानात्मक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन. मूल गणितात चुकते तर कुठल्या पायरीवर चुकते ते आधी शोधा, मग उपाय करा. नमुन्यादाखल एकेक फाइल केली होती, रंगीत पेनने. ती फाइल आज कोणाकडे आहे हे सांगता येणार नाही. निदान कसे करतात ते आम्ही त्या रविवारी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून पाहिले.

त्याच रात्री आपांनी जुना हजेरीपट काढला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. वर्ग मोबाइलवर सुरू झाले. या मुलाच्या घरी मोबाइल एक, तोही बापाकडे, आणि बाप कामासाठी बाहेरगावी. पहिले काही दिवस आम्ही त्याच्या नावापुढे गैरहजर लिहिले. ऑक्टोबर २०२१ मध्ये वर्ग पुन्हा भरले तेव्हा तो आला नाही. शिक्षण हक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, आणि त्याचे चौदा तर केव्हाच उलटले होते. पटावर गैरहजर मुले दिसली की वरून विचारणा होते. मग एक दिवस लाल शाईने लिहिले, 'नाव कमी'. पट स्वच्छ झाला. कोणी विचारले नाही. घर शाळेपासून चालत दहा मिनिटांवर होते. आम्ही गेलो नाही. पुढे त्याचा मामू त्याला दोंडाईचाला घेऊन आला.

गैरहजेरीची ती ओळ म्हणजे पेटलेला पिवळा दिवाच होता. त्यावर पट्टी आम्ही लावली. दलालाला शिव्या देताना हे आठवले नव्हते.

आपल्या समाजात एक वाक्य फार सोपेपणाने बोलले जाते: नाही शिकला तर गॅरेजला लावू. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिले की मुसलमान कामगारांत स्वतःच्या हातकामावर, छोट्या धंद्यावर जगणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. गॅरेजच्या कामात कमीपणा नाही. त्या हातांनीच आम्हाला सुखरूप ठेवले आहे. पण तो मुलगा गॅरेजला गेला तो निवडून गेला नाही. आणि आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या वर्गाला जायचे तर दहावी पास लागते. ज्याला काम येते त्याला कागद नाही, म्हणून तो छोटूच राहतो.

दहावीला बाहेरून बसण्यासाठी बोर्डाचा सतरा नंबरचा फॉर्म असतो. तो आम्ही भरला, फी डिझेलच्या वहीतून दिली. मुलगा आधी नको म्हणाला. "सर, आता क्या पढूंगा मैं." त्याची अम्मी म्हणाली, रोजी बुडायला नको. उस्ताद म्हणाले, शुक्रवारी दुपारनंतर आणि रविवारी सोडतो. रविवारी आम्ही आळीपाळीने त्याला शिकवायचो, बहुतेक वेळा गॅरेजातच. मार्च २०२४ ला बसला. गणितात राहिला. जुलैच्या पुरवणी परीक्षेत निघाला. विज्ञानात गुण फार पडले नाहीत. प्रवर्तनाचा प्रश्न आला होता का, असे विचारले तेव्हा म्हणाला, "आया था सर. मैंने चक्के की तस्वीर निकाली." तपासणाऱ्याने त्या चित्राला किती गुण दिले, ते आम्हाला कळायचा मार्ग नाही.

आयटीआयला तो अजून गेलेला नाही. घरात त्याच्या पगाराची गरज आहे, आणि तिथे दोन वर्षे जातात. त्या गोष्टीचे आम्ही मागे लागलो आहोत. नेईलच असे वचन देता येत नाही.

शाळेत मात्र एक केले. सलग तीन दिवस मूल आले नाही तर चौथ्या दिवशी आमच्यापैकी कोणी तरी त्याच्या घरी जातो. कधी ताप असतो, कधी कापूस वेचणी, कधी धाकट्या भावंडाला सांभाळायचे असते. दरवेळी कारण वेगळे. बाहेरून मात्र सगळे एकाच ओळीत, गैरहजर.

आणि रोज सकाळी दोंडाईचाहून निघताना गाडीची किल्ली फिरवली की चौघेही बोलणे थांबवतो. पिवळा दिवा लागतो, दोन-तीन सेकंद राहतो, विझतो. मग बिस्मिल्लाह म्हणून गाडी सुरू करतो.